ओळखखूण : काही नाही

आमच्या घरात महत्त्वाची वस्तू वापरायची नसते, ती जपून ठेवायची असते. हे वळण वडिलांपासूनचं. वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत ते रायपूरला आले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. ‘माणूस हरवला तं सापडते, मूळ प्रत हरवली तं सापडत नाही,’ असं ते म्हणायचे. मीही पुढे सरकारी कचेरीतल्या अभिलेख शाखेत चिकटलो आणि तिथेच निवृत्त झालो. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मूळ प्रती सांभाळल्या. खिशात झेरॉक्स आणि कपाटात ओरिजिनल, एवढ्या एका नियमावर माझा संसार चालला आणि तो बरा चालला, असं मला वाटायचं.

त्या कपाटात एक हिरवी प्लॅस्टिकची फाईल आहे. तिच्यात पेन्शनचे कागद आहेत, गुढियारीतल्या या घराची रजिस्ट्री आहे, मुलीच्या सगळ्या मार्कशीट आहेत आणि कुत्र्याचं टोकन आहे.

कुत्रा मुलीने आणला. ती तेव्हा नव्या रायपूरला नोकरी करत होती. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू ओढणीत गुंडाळून घेऊन आली आणि वर्षभरात तिची बदली पुण्याला झाली. ती गेली, कुत्रा राहिला. मी पहिल्या दिवसापासून कुरकुर करत होतो, त्यामुळे मला त्याचा लळा लागलाय हे कबूल करायला मला फार वेळ लागला. बायकोला असला प्रश्न नव्हता. मुलगी आमच्याशी हिंदीतच बोलते. मराठी तिला सगळी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. माझा मेहुणा, त्याची मुलं, सगळ्यांचं तेच. तेव्हा दिवसभर बायकोची मराठी ऐकून घेणारा घरात तो एकटाच होता. ती त्याला पोट्ट्या म्हणायची. मुलीने त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते या घरात कोणी कधी उच्चारलं नाही.

‘पोट्ट्या, काहून बसून राहिला तिथं? जेवाले ये,’ ती स्वयंपाकघरातून म्हणायची आणि तो यायचा. कोणी हिंदीत बोलावलं तर मान वळवून पाहायचा आणि पुन्हा झोपायचा. बायकोला याचा इतका अभिमान होता की आल्यागेल्याला ती हा प्रयोग करून दाखवायची.

मागच्या वर्षी मुलगी सुट्टीवर आली तेव्हा तिनेच त्याची निगममध्ये, म्हणजे इथल्या महापालिकेत, नोंदणी करून घेतली. घरात कुत्रा असेल तर नोंदणी हवी, रेबीजच्या लसीचं कार्ड हवं, टोकन गळ्यात हवं आणि बाहेर नेताना दोरी मालकाच्या हातात हवी. पावतीच्या मागे हे सगळं बारीक अक्षरात छापलं होतं. तिने घाईत अर्ज माझ्यापुढे सरकवला, कारण अर्ज भरणं हा माझा प्रांत. रंग : भुरा. लिंग : नर. जात : देशी. पुढचा रकाना ओळखखुणेचा होता. मी लिहिलं, काही नाही. यामागे माझं कचेरीतलं शहाणपण होतं. जेवढं जास्त लिहावं तेवढे जास्त प्रश्न उठतात. कमी लिहा, कमी उत्तरं द्या, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो.

टोकन आलं. पितळी रंगाचं, गोल, वर नंबर कोरलेला. मुलीने बाजारात जाऊन त्याच्या मागे आमच्या घरचा मोबाईल नंबर कोरून घेतला आणि लाल पट्ट्यात अडकवून त्याच्या गळ्यात बांधलं. ‘पापा, ये निकालना मत,’ ती स्टेशनवर गाडीत बसतानाही म्हणाली. मी हो म्हणालो.

गाडी गेली आणि आठवड्याभरात मी ते काढलं. तो मातीत लोळायचा, गेटला मान घासायचा. टोकनाला ओरखडे पडायला लागतील, कडी झिजेल, एखाद्या दिवशी कुठेतरी गळून पडेल, मग डुप्लिकेटसाठी अर्ज, शपथपत्र, हेलपाटे. हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी पट्ट्यासकट टोकन काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, छोट्या पिशवीत घातलं आणि हिरव्या फाईलमध्ये ठेवलं. नोंदणीच्या कागदाची मात्र झेरॉक्स काढली, तिला लॅमिनेशन केलं आणि तारेने गेटला बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की या घरात सगळं रीतसर आहे. बायकोने त्याच्या मोकळ्या गळ्यात काळा दोरा बांधला. दृष्ट लागू नये म्हणून.

दोरीचंही तसंच. सकाळी मी त्याला तळ्यावर न्यायचो, दोरी खांद्यावर टाकून. आमच्या पाऱ्यामागे, म्हणजे मोहल्ल्यामागे, ते तळं आहे, काठाकाठाने फिरायला जागा आहे. एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन तिथे चालायला यायची. तिने मला दोनदा हात जोडून सांगितलं, ‘भैया, रस्सी लगा लीजिए, बच्ची डरती है।’ पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा मी तिला ऐकवलं की दोरी बेशिस्त कुत्र्याला लागते, आमच्या कुत्र्याला आवाज पुरतो. ती मुलीला उचलून पलीकडच्या बाजूने गेली. आता ती बाई आठवली की मान खाली जाते. तिचं म्हणणं बरोबर होतं. ते पावतीच्या मागेही छापलेलं होतं आणि पावती माझ्याच कपाटात होती.

मग तळ्यावरच्या एका मोकाट कुत्र्याने शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पोटरीला चावा घेतला. आमच्या नव्हे. पण लोक संतापले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तक्रार गेली. शनिवारी सकाळी निगमची कुत्री पकडणारी गाडी आली. मी बाकावर बसून पेपर वाचत होतो, पोट्ट्या पायरीजवळ वास घेत हिंडत होता, दोरी माझ्या खांद्यावर होती. मी मान वर केली तेव्हा तो जाळ्यात होता.

मी धावत गेलो. ‘हे माझं कुत्रं आहे,’ मी म्हणालो, आणि मग तेच हिंदीत म्हणालो.

जाळीवाल्याने त्याचा गळा चाचपला. काळा दोरा त्याच्या बोटाला लागला. ‘टोकन कहाँ है, अंकल?’

‘घर पे है. कपाटात. एकदम सेफ.’

तो माझ्याकडे पाहत राहिला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, ‘देखिए, बिना टोकन के मैं यहाँ नहीं छोड़ सकता, सब लोग देख रहे हैं। आप टोकन लेकर आज ही शेड पर आ जाइए। दिखाइए और ले जाइए।’ पकडलेली कुत्री ठेवायचं ते शेड भनपुरीच्या पुढे होतं. त्याने रस्ताही नीट समजावून सांगितला. गाडीच्या जाळीतून पोट्ट्या माझ्याकडे पाहत होता. भुंकत नव्हता. त्याला वाटत असणार, मी बोलतोय म्हणजे काम होणार.

घरी आलो, बायकोला सांगितलं. तिने कणकेचे हात धुतले, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, ‘चला.’

‘असं हात हलवत जाता येत नाही,’ मी म्हणालो. ‘आधी अर्ज द्यावा लागेल. झोन ऑफिसचा शिक्का पाहिजे, पोच पाहिजे. नाहीतर उद्या ते म्हणतील, कोण तुम्ही?’

‘त्या माणसानं तं टोकन दाखवा म्हणलं ना जी?’

‘तो तोंडी बोलला. तोंडी बोलण्याला काय अर्थ आहे?’

तिने चपला काढल्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली, कागदाच्या बाबतीत ती माझ्यापुढे कधी गेली नाही. त्या दिवशी गेली असती तर बरं झालं असतं.

शनिवार-रविवार झोन ऑफिस बंद. मी दोन दिवस अर्ज लिहिला. तीन प्रती, सोबत नोंदणीची झेरॉक्स, लसीच्या कार्डाची झेरॉक्स, टोकनाची झेरॉक्स. होय, टोकनाचीसुद्धा. काचेवर ठेवून काढली, दोन्ही बाजूंनी. दुकानदार हसला, मी हसलो नाही. विषयाची ओळ मी तीनदा बदलली. बायको बाजूला बसून असायची. मधेच म्हणायची, ‘तो जेवला असंन का तिथं?’ मी म्हणायचो, सरकारी शेड आहे, देतात. सोमवारी झोन ऑफिसात गेलो, रांगेत उभा राहिलो, दुपारी पोच मिळाली. आवक क्रमांक ठसठशीत होता. ती पोच हातात घेतल्यावर मला खरोखर समाधान वाटलं. इथे मला स्वतःचा राग येतो. कुत्रा तीन दिवस पिंजऱ्यात होता आणि मी शिक्का सरळ उमटला म्हणून खूश होतो.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं ऑटोने निघालो. भनपुरीचा रस्ता ट्रकांचा. धूळ इतकी की बायकोने पदर नाकाला लावला होता आणि पदराआडून ती मला सांगत होती. त्याच्या मागच्या डाव्या पायाचं एक नख पांढरं आहे. उजवा कान अर्धा दुमडतो. नाकावर तव्याचा चटका लागलेली खूण आहे. शेपटीच्या टोकाशी चार केस काळे आहेत. ‘तुमाले ठाऊक आहे ना हे सगळं?’ ती म्हणाली. मी हो म्हणालो. रकान्यात काय लिहिलंय ते तिला मी सांगितलं नव्हतं.

शेडवरच्या माणसाने माझी फाईल उघडलीच नाही. टोकन पाहिलं, रजिस्टरवर बोट फिरवलं. ‘तालाब वाला, भूरा नर। इसकी तो नसबंदी पहले से थी। टीका लगाया, तीन दिन देखा, आज सुबह वहीं छोड़ दिया जहाँ से उठाया था। नियम यही है।’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘आप कल भी आ जाते तो मिल जाता।’

बायकोचा विश्वास बसेना. ती पिंजऱ्यांच्या रांगेतून चालायला लागली. ‘पोट्ट्या. चाल बाप्पा घरी. पोट्ट्या, मी आली ना.’ कितीतरी भुरे कुत्रे होते. काही भुंकले, काही शेपूट हलवत जाळीपाशी आले. खाऊच्या आशेने आले असतील. तिने प्रत्येकाचा मागचा डावा पाय पाहिला. त्या माणसाने तिला अडवलं नाही, आपली खुर्ची आणून तिच्यासाठी ठेवली. ती बसली नाही. शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत गेली आणि परत येताना तेच शब्द पुन्हा बोलत आली, पण हळू.

‘तळ्यावर सोडलं म्हणजे घरीच आला असेल,’ मी म्हणालो. तळ्यापासून घर चार मिनिटांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी ऑटोत म्हणालोसुद्धा. ती जराशी हसली. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघंही सुखात होतो, हे मला लिहून ठेवायचं आहे.

तो घरी आला होता. आमच्याच वरच्या मजल्यावर रविवारी नवा भाडेकरू आला होता, त्याने पोट्ट्याला कधी पाहिलं नव्हतं. नोकरदार तरुण माणूस, घरात दोन वर्षांची मुलगी. तो जिन्यावर उभा होता. आम्ही विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं. सकाळी आम्ही निघाल्यावर थोड्या वेळाने एक कुत्रा लंगडत आला आणि गेटला टेकून बसला. दोन तास बसला होता. त्याची मुलगी जिना उतरून खाली यायला लागली तेव्हा याने काठी घेतली.

‘गले में कुछ था नहीं, अंकल। एक काला धागा था बस। मैंने सोचा आवारा है, अभी तो बच्ची को काटा था उधर।’ तो उठत नव्हता, म्हणून याने काठी आपटली. मग एकदा पाठीवर मारली. मग तो उठला आणि रेल्वे लाईनच्या बाजूला गेला.

मी गेटवरच्या लॅमिनेशनकडे बोट दाखवलं. मला ओरडायचं होतं, पण आवाज कचेरीतल्यासारखाच निघाला. ‘आप पढ़े नहीं ये?’

‘पढ़ा था अंकल,’ तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. ‘उसमें तो भूरा, देसी लिखा है। भूरा देसी तो सब हैं। पहचान में लिखा है, कोई नहीं।’

बायकोने तेव्हा ते पहिल्यांदा वाचलं. तिला हिंदी वाचायला वेळ लागतो. तारेजवळ उभी राहून तिने एकेक अक्षर वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘काही नाही म्हणून लिहिलं तुमी?’ एवढंच म्हणाली आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडलेली नाही. भांडली असती तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं.

पुढचे दोन महिने आम्ही शोधलं. रेल्वे लाईनच्या दोन्ही बाजू, गुढियारीतल्या मालगोदामांच्या गल्ल्या, पंडरीचा बाजार, पुन्हा भनपुरी. तळ्यावरची ती बाई भेटली, तिने स्वतःहून फोटो मागून घेतला आणि चार लोकांना पाठवला. बायको ट्रकांच्या मधून हाक मारत चालायची आणि ड्रायव्हर पाहत राहायचे की ही बाई कोणत्या भाषेत कोणाला बोलावते आहे. एका गॅरेजवाल्याने दया येऊन एक भुरा कुत्रा दोरीला बांधून समोर उभा केला. ‘माँजी, यही होगा, ले जाओ।’ माझ्याजवळच्या कागदात तो अगदी चपखल बसत होता. रंग, लिंग, जात. क्षणभर मला वाटलं, न्यावं. बायकोने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला बिस्किट दिलं आणि पुढे चालायला लागली.

मुलीला सांगणं भाग होतं. रविवारी तिने नेहमीप्रमाणे व्हिडिओ कॉल केला आणि कुत्रा दाखवा म्हणाली. मी सांगितलं की तो हरवला. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, ‘पापा, टोकन तो था न गले में?’

मी म्हणालो, ‘हो, होतं.’

बायको बाजूलाच होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

हे खोटं मी लाजेने बोललो, दुसरं काही कारण नाही. पण त्याचं काय होईल हे मला तेव्हा सुचलं नाही. टोकनावर आमचा नंबर कोरलेला आहे, म्हणजे कोणाच्या तरी हाताला लागेल, कोणीतरी फोन करील, असं मुलीच्या मनाने घेतलं. तेव्हापासून दर रविवारी ती पहिला प्रश्न तोच विचारायची. ‘किसी का फोन आया?’ मी म्हणायचो, अजून नाही. ‘आएगा, पापा। नंबर है न उस पे।’ उलट तीच मला धीर द्यायची. महिने गेले तरी तिची आशा सुटेना, आणि ती सुटावी म्हणून मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही.

दिवाळीत ती आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती समोरच्या खोलीत चहा पीत बसली होती तेव्हा बेल वाजली. निगमचा सर्वेवाला होता, नोंदणीच्या नूतनीकरणाची यादी घेऊन दारोदार फिरत होता. त्याने आमचं नाव वाचलं, नंबर वाचला आणि म्हणाला, ‘टोकन दिखा दीजिए, अंकल।’

मी काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चाळीस वर्षं समोरच्याने मागितलं की मी उठून मूळ प्रत आणून देत आलो होतो. मी उठलो, कपाट उघडलं, हिरवी फाईल काढली आणि पिशवीतून टोकन काढून त्याच्या हातावर ठेवलं. मग मला भान आलं.

त्याने नंबर जुळवला, यादीवर खूण केली. टोकन उलटंपालटं करून पाहिलं. ‘क्या बात है। पूरे वार्ड में इतना सँभाल के किसी ने नहीं रखा। एक खरोंच नहीं।’ लाल पट्ट्यासकट ते टेबलावर ठेवून तो पुढच्या घरी गेला. कुत्रा कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही.

मुलीने कप खाली ठेवला. टोकन उचललं, मागे फिरवलं आणि आपणच कोरून घेतलेला नंबर अंगठ्याने चाचपून पाहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.  मग मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

‘काहून, पप्पा?’

मी फाईलचं बटण लावत उभा होतो. ते लागत नव्हतं.